मेंढीकोटात आजोबांनाही भिडू घ्या

गणपतीत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांत पाहुणे उतरले, की आरती-जेवणानंतर पत्त्यांचा डाव रंगतो. जागरणाचे निमित्त असलेल्या या डावात मेंदूला बरेच काम असते. मेंढीकोटात चारपैकी किती दश्श्या गेल्या, हुकूम कोणता, भिडूकडे काय असेल, हे सतत ध्यानात ठेवावे लागते. ही कार्यकारी स्मृती वयानुसार मंदावते.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा सुमारे पाच वर्षे पाठपुरावा झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वाचन, वाद्यवादन, नृत्य आणि पट-पत्त्यांचे खेळ यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. मात्र खेळामुळेच आजार टळला, असे यातून सिद्ध होत नाही. स्मृती ढासळू लागलेली माणसे आधीच खेळ सोडत असतील, हीही शक्यता असते.

म्हणूनच पट्टीचा खेळाडू अचानक डाव टाळू लागला, हुकूम वारंवार विसरू लागला, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. मोतीबिंदू, कमी ऐकू येणे, बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार यांमुळेही असे होऊ शकते आणि त्यांवर उपचार आहेत. डॉक्टरांना जरूर दाखवावे.

खेळताना उजेड भरपूर ठेवा, ज्येष्ठांना खुर्ची द्या, तासाभराने सर्वांनीच उठून पाय मोकळे करा. चुकीचे पान पडले तर ओरडू नका. हसे झाले, की माणूस पुढच्या डावाला बसत नाही.