महिला विद्यापीठामागची रत्नागिरीची माणसं

रत्नागिरीकरांनो, भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ 1916 साली पुण्यात निघालं, पण त्याची माणसं बघा! संस्थापक धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे, जन्म खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, बालपण मुरूडचं. पहिले कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, जन्म मालवणचा (तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं), शिक्षण रत्नागिरीत. पहिले कुलगुरू रँग्लर र. पु. परांजपे, दापोलीजवळच्या मुर्डीचे. मला याचा फार अभिमान वाटतो.

जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका कर्व्यांच्या वाचनात आली आणि 1915 च्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी ही कल्पना मांडली. मुलींना मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यायचं, हा त्यांचा आग्रह. त्या काळी हे धाडसच होतं, कारण सरकारमान्य पदवी सोडून या नव्या पदवीकडे मुलींना कोण पाठवणार? 1921 साली पदवी घेऊन बाहेर पडल्या त्या फक्त पाच जणी.

पैशांची चणचण कायमचीच. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या स्मरणार्थ 15 लाखांची देणगी देऊ केली आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव विद्यापीठाला मिळालं. तरीही सत्तरी ओलांडलेले अण्णा 1929 पासून युरोप, अमेरिका, जपान असे निधीसाठी फिरले. त्या वयात, त्या काळात!

1936 मध्ये मुख्यालय मुंबईला गेलं. कायद्याने मान्यता मिळायला मात्र 1951 उजाडलं, म्हणजे तब्बल 35 वर्षं. सुदैवाने ती बघायला अण्णा होते, वय वर्षं 93.