लेहची सहल : हवेचा आणि पाण्याचा हिशेब



गळीत हंगाम आटोपला, ऊसबिल हाती पडले, की गावोगावच्या पारावर सहलीच्या गोष्टी निघतात. एके काळी सहल म्हटली की पंढरपूर, तुळजापूर, फार तर काशी-रामेश्वर. आता घरातली मुलेच मोबाइलवर फोटो दाखवून म्हणतात, "आबा, या खेपेला लेहला जाऊ." निळेशार आकाश, उघडे बोडके डोंगर, मधून वाहणारी सिंधू पाहून कोणाचेही मन ओढ घेईल. जावे की! जन्मात एकदा तरी पाहावा असाच तो मुलूख आहे. पण लेह म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. अशा दोन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी लेहची बाजारपेठ वरच राहील. ती आहे सुमारे ३,५०० मीटरवर.

एवढ्या उंचीवरच्या शहराची सहल आखताना भाड्याचा आणि जेवणाखाण्याचा हिशेब सगळेच करतात. आमचे म्हणणे असे, की त्याआधी दोन हिशेब मांडावेत. एक हवेचा आणि दुसरा पाण्याचा. पहिला चुकला तर जिवाशी गाठ, दुसरा चुकला तर यजमानाच्या पोटावर पाय.

हवेचा हिशेब

लेहमध्ये हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने साधारण दोन तृतीयांश राहतो. म्हणजे एका श्वासात आपल्याला जेवढा प्राणवायू मिळायला हवा, त्यातला तिसरा हिस्सा कमी. शरीर ही तूट हळूहळू भरून काढते, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात. ते दिवस दिले नाहीत तर डोके ठणकणे, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे, पायऱ्या चढताना धाप लागणे असा त्रास सुरू होतो. एवढ्यावर विश्रांती घेतली तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतार पडतो. पण हे अंगावर काढून आणखी वर चढले, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठते. बसल्या जागी दम लागणे, खोकल्याबरोबर फेस येणे, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही धोक्याची लक्षणे. मग वेळ दवडायचा नाही. प्राणवायू लावायचा, दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने माणसाला लवकरात लवकर कमी उंचीवर न्यायचे. लेहला सोनम नोरबू स्मारक रुग्णालय हे सरकारी इस्पितळ आहे. त्याचा पत्ता-फोन गटातल्या प्रत्येकाच्या खिशात हवा.

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. "आम्ही उसाच्या मोळ्या उचलणारी माणसं, आम्हाला काय होतंय?" असे आपली तरणी मंडळी म्हणतील. पण हा त्रास दणकट माणूस आणि किडकिडीत माणूस असा भेद करत नाही. उलट दणकट गडी पहिल्याच दिवशी उड्या मारत किल्ला चढतो आणि रात्री आडवा होतो. सावकाश चालणारी आजी मात्र ठणठणीत राहते, असेही घडते.

हृदयविकार, वाढता रक्तदाब, दमा, मधुमेह असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच नाव नोंदवावे. उंचीच्या त्रासावर अॅसिटाझोलामाइड नावाची गोळी मिळते, पण सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांना ती अपाय करू शकते. तेव्हा शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये. पहिले दोन दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या तर वर्ज्यच समजाव्यात.

केव्हा जावे?

आपल्याला लग्नसराईपेक्षा शेतीचे पंचांग आधी पाहावे लागते. मे-जूनमध्ये वेळ असतो, पण मनालीकडचा रस्ता तेव्हा बर्फातून नुकता मोकळा होत असतो आणि इकडे मृगाची घाई लागते. जुलैच्या मध्यापासून आडसाली लागण. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलातल्या घाटात दरडी कोसळतात. खुद्द लेहमध्ये एरवी पाऊस नावालाच, पण ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री ढगफुटी होऊन शहराच्या काही भागांत चिखलाचे लोंढे घुसले आणि शेकडो माणसे दगावली, हे विसरून चालणार नाही.

म्हणून आम्ही सप्टेंबर सुचवतो. आडसालीची लागण उरकलेली असते, पूर्वहंगामी लागण ऑक्टोबरच्या मध्यावर येते आणि कारखान्याचा बॉयलर पेटायला अवकाश असतो. गणपती उठले की निघावे. तिकडे आकाश निवळलेले असते, सातूच्या पिकाची काढणी-मळणी चाललेली असते आणि जर्दाळू वाळवून झालेले असतात. रात्री मात्र कडाक्याची थंडी पडते. लोकरी कपडे, कानटोपी आणि पायमोजे बरोबर हवेतच.

कोणत्या वाटेने?

विमानाने दिल्लीहून लेह सव्वा तासाच्या आसपास. पण शरीराला वाटेत थांबा मिळत नाही. एकदम सपाटीवरून उचलून डोंगरावर ठेवल्यासारखे होते. विमानाने जाणाऱ्यांनी पहिले दोन पूर्ण दिवस खोलीत आणि अंगणातच काढावेत. त्या दोन दिवसांचे भाडे फुकट गेले असे मनात आणू नये. तो सहलीचा विमाच समजावा.

सवड असेल त्यांनी जमिनीवरून, जिना चढल्यासारखे जावे. जम्मूपर्यंत रेल्वे आहेच. ६ जून २०२५ रोजी कटऱ्याहून श्रीनगरला थेट रेल्वे सुरू झाल्यापासून पुढचा घाटही सोपा झाला आहे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर. तिथे एक दिवस विसावा. मग झोजिला ओलांडून कारगिल, सुमारे २,७०० मीटर, मुक्काम. तिसरा मुक्काम आलची गावी, सुमारे ३,१०० मीटर. जर्दाळूच्या बागांमधले हे गाव. तिथल्या मठातली भिंतींवरची चित्रे आठ-नऊशे वर्षांची जुनी आहेत. चौथ्या दिवशी जेवणवेळेपर्यंत लेह. वाटेत निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कार यांचा संगम लागतो. दोन नद्यांचे दोन रंग काही अंतर वेगळे वाहताना दिसतात.

मनालीच्या रस्त्याने चढू नये, उतरावे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्याने रोहतांगचा वळसा वाचला हे खरे. पण त्यापुढे पाच हजार मीटरच्या आसपासच्या खिंडी लागतात आणि मधला सरचूचा मुक्काम लेहपेक्षाही उंचावर, ४,२०० मीटरच्या पुढे आहे. जाताना तिथे रात्र काढणे बरेच जणांना भोवते. येताना शरीर सरावलेले असल्याने तोच रस्ता सुखाचा होतो.

दिवसांची आखणी

लेहला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त बाजारातून रमतगमत फेरी. तिसऱ्या दिवशी सतराव्या शतकातला नऊमजली राजवाडा आणि शांती स्तूप. चौथ्या दिवशी सिंधूच्या काठाने शे, ठिकसे आणि हेमिस हे मठ. मग नुब्रा खोरे. वाटेतल्या खारदुंगला खिंडीवर १८,३८० फुटांची पाटी फार वर्षे गाजली. मोजणीत उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास भरते. तरीही कमी नाही. तिथे फोटो काढून पंधरा-वीस मिनिटांत खाली उतरावे. नुब्रातले हुंदर गाव मात्र लेहपेक्षा खाली आहे. तिथे झोप छान लागते, वाळूच्या टेकड्या आहेत आणि दोन मदारींचे उंट पाहून नातवंडे खूश होतात.

पँगाँग सरोवर ४,२०० मीटरच्या वर. ज्येष्ठांनी जमले तर दिवसा पाहून यावे, मुक्काम टाळावा. तरुणांना झंस्कारमध्ये रबरी होडीतून जायची हौस असते. "विहिरीत गठ्ठा मारतो मी" एवढ्या भांडवलावर तिथे उतरू नये. ते बर्फाचे पाणी आहे, हातपाय क्षणात आखडतात. तरंगणारे जाकीट आणि शिरस्त्राण घातल्याशिवाय होडीत पाऊल नको.

घरून घरापर्यंत अठरा दिवस धरावेत. तेवढी सवड नसेल तर पँगाँग गाळा, नुब्रा गाळा, पण विश्रांतीचा दिवस गाळू नका. परतीचे तिकीटही अगदी काठावरचे नको. दरड पडते, विमान रद्द होते. २४ सप्टेंबर २०२५ रोजी आंदोलनाला हिंसक वळण लागून लेहमध्ये संचारबंदी लागली होती. दोन दिवस आणि थोडा पैसा हाताशी राखून ठेवावा.

पाण्याचा हिशेब

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. लेहला वर्षाकाठी पाऊस पडतो सुमारे शंभर मिलिमीटर, म्हणजे चार इंच. आपण माण-खटावला दुष्काळी म्हणतो, पण तिथेही याच्या चौपट तरी पडतो. आणि आपला पाटपाण्यावरचा आडसाली ऊस अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाणी पितो. चार इंचांत लडाखी शेतकरी सातू, वाटाणा, भाजीपाला आणि जर्दाळू कसा पिकवतो? तर डोंगरावरच्या बर्फाच्या वितळत्या पाण्यावर. ओढ्यातून 'युरा' म्हणजे पाट काढतात, 'झिंग' म्हणजे लहान तळ्यात पाणी साठवतात आणि गावाने नेमलेला 'छुरपोन' पाळीपाळीने ते शेतांना सोडतो. आपल्या धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीतला पाटकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना छुरपोनची ओळख वेगळी करून द्यायला नको.

अडचण अशी, की पेरणी होते एप्रिल-मेमध्ये आणि वरचे बर्फ नीट वितळू लागते जूनमध्ये. मधले आठवडे ओढे सुके. यावर चेवांग नोर्फेल या अभियंत्याने उपाय काढला. हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी गावाजवळच्या सावलीतल्या उतारावर बांध घालून अडवायचे आणि गोठू द्यायचे. गावाजवळचे हे बर्फ वरच्यापेक्षा लवकर, नेमके पेरणीला वितळते. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी २०१३ च्या सुमारास बर्फाचे स्तूप सुरू केले. उंचावरून नळाने आणलेले पाणी पंपाविना आपल्याच दाबाने कारंज्यासारखे उडते आणि कडाक्याच्या थंडीत गोठून त्याचा सुळका बनतो. सुळक्याला ऊन कमी लागते, म्हणून तो उशिरापर्यंत टिकतो. आपण जाऊ तेव्हा सप्टेंबरात हे बर्फ दिसणार नाही, पण बांध आणि पाट दिसतील. ते आवर्जून पाहावेत, असे आमचे सांगणे आहे. आपली सहल अभ्यास सहल होईल.

२०११ च्या जनगणनेत लेहची वस्ती होती ३०,८७०. तिथे वर्षाला काही लाख पाहुणे येतात. प्रत्येकाने फवाऱ्याखाली मनसोक्त अंघोळ करायची ठरवली तर ते पाणी कोणाच्या तोंडचे जाते? ओढ्याचे आणि जमिनीतले पाणी हॉटेलांनी ओढले की शेत कोरडे पडते. पाटाच्या शेपटाकडे जमीन असलेल्या सभासदांना हे दुखणे वेगळे सांगायला नको. वरच्याने पाणी तोडले की काय वाटते, ते त्यांना ठाऊक आहे. लेहमध्ये आपण वरचे होऊ नये, एवढेच. अंघोळ अर्ध्या बादलीत, तीही एक दिवसाआड चालते. कोरड्या हवेत घाम लगेच वाळून जातो. घरगुती मुक्कामात बिनपाण्याचा जुना संडास असेल तर नाक मुरडू नये. त्याचेच सोनखत होऊन शेतात जाते.

खाण्याची काळजी नको. त्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून डाळ कुकरशिवाय शिजत नाही एवढे ध्यानात ठेवावे. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या बरोबर असाव्यात. तिथले भाजलेल्या सातूचे पीठ आणि मिठाचा लोणी घातलेला चहा एकदा तरी चाखावा.

निघण्याआधीचे ठराव

सहल म्हणजेही एक छोटी सहकारी संस्थाच. निघण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून तीन ठराव करावेत आणि वहीत लिहून त्यावर सह्या घ्याव्यात.

पहिला : सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीने गट चालेल.

दुसरा : डोके दुखले, दम लागला तर जो-तो लगेच सांगेल. "माझ्यामुळे सगळ्यांची सहल नको मोडायला" म्हणून दुखणे लपवणारा माणूसच गटाला सर्वांत महाग पडतो. त्यात आपली वडीलधारी मंडळी पुढे. त्यांना रोज सकाळी विचारायचे काम एकाकडे सोपवावे.

तिसरा : कोणाला खाली न्यावे लागले तर त्याच्याबरोबर कोण दोघे जातील, हे आधीच ठरवावे. त्या तिघांचा जादा खर्च सगळ्यांत वाटून घ्यावा. पैशाच्या संकोचाने कोणी दुखणे अंगावर काढता कामा नये.

एवढे करून जे गट निघतील त्यांना आमच्या शुभेच्छा. परत आल्यावर तिथल्या पाटपाण्याविषयी चार ओळी या अंकासाठी जरूर लिहून पाठवाव्यात.