अर्ध्या मिलिमीटरातली दोन कुळं

नेत्रपेढीत दानात आलेला कॉर्निया स्पेक्युलर मायक्रोस्कोपखाली ठेवतात. तंत्रज्ञ फोकस हळूहळू सरकवतात. आधी पडद्यावर नुसता धूसर उजेड, मग एकाएकी षटकोनांची जाळी उमटते. कडेला कड भिडवून बसलेल्या या पेशी म्हणजे एंडोथेलियम, कॉर्नियाचा सगळ्यात आतला, एकाच पेशीच्या जाडीचा थर. मोजतात त्या याच पेशी. तरुण माणसाच्या डोळ्यात दर चौरस मिलिमीटरला साधारण 3,000 असतात. 2,000 च्या खूप खाली असतील, तर आतल्या थराच्या रोपणासाठी तो कॉर्निया सहसा घेत नाहीत.

या पेशी येतात कुठून? गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास भिंगाचा फुगा वरच्या त्वचेपासून सुटतो. त्यावर पुन्हा मिटलेली त्वचाच कॉर्नियाचा बाहेरचा थर होते. आतल्या पेशी मात्र लांबच्या. पाठीकडे मज्जानलिका मिटत असताना तिच्या काठावरून न्यूरल क्रेस्टच्या पेशी निसटतात आणि प्रवास करत डोळ्यापर्यंत पोचतात. चेहऱ्याची बरीचशी हाडंही त्यांच्यातूनच घडतात, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पेशींचा हा प्रवास कळला लावा पक्ष्यामुळे. 1969 मध्ये निकोल ल दुआरँ यांनी दाखवलं, की लाव्याच्या पेशीचं केंद्रक कोंबडीच्या पेशीपेक्षा वेगळं रंगतं. मग लाव्याच्या न्यूरल क्रेस्टचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवायचा आणि पेशी कुठे जातात ते बघायचं. 1979 च्या अशा प्रयोगांत त्या कॉर्नियाच्या मधल्या आणि आतल्या थरांत सापडल्या. उंदरात गर्भाच्या मध्यस्तरातल्या (मेसोडर्म) पेशींचाही थोडा वाटा दिसला.

पण कुळावरून स्वभाव ठरत नाही. मधल्या थरातल्या पेशी जखम झाली की विभागतात. त्याच कुळातल्या एंडोथेलियमच्या पेशी माणसाच्या डोळ्यात जवळपास विभागतच नाहीत. एखादी मेली की शेजारच्या पसरून जागा भरतात. कॉर्नियात शिरणारं पाणी सतत बाहेर उपसणं हे त्यांचं काम. संख्या फार घटली की कॉर्निया सुजतो, गढूळ होतो. बाहेरचा थर मात्र काठावरच्या मूळपेशींच्या जोरावर आठवड्या-दहा दिवसांत नवा होतो.

म्हणूनच क्योतोतला प्रयोग मला मोलाचा वाटतो. शिगेरु किनोशिता यांच्या गटाने दात्यांच्या एंडोथेलियमच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि अकरा रुग्णांच्या डोळ्यांत सुईने सोडल्या. पेशी कॉर्नियाला चिकटाव्यात म्हणून रुग्णांना तीन तास पालथं झोपवलं. सहा महिन्यांच्या आत त्यांतल्या दहांच्या डोळ्यांत पेशींची संख्या दर चौरस मिलिमीटरला 1,000 च्या वर गेली होती. 2018 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.