१६ मिनिटांत फैसला : बंगळुरूच्या रग्बी संघाचं पारडं किती जड?

के. आर. पुरमच्या टिन फॅक्टरी चौकात संध्याकाळी गाडी अडकली, की तेवढ्या वेळात रग्बी प्रीमियर लीगचा एक अख्खा सामना आटोपतो. ४-४ मिनिटांचे ४ टप्पे, म्हणजे एकूण १६ मिनिटांचा खेळ. आयपीएल आणि प्रो कबड्डी बघणाऱ्या घरांमध्ये आता ‘बंगळुरू ब्रेव्हहार्ट्स’ हे नावही ऐकू येऊ लागलं आहे. नोकरीनिमित्त के. आर. पुरम, व्हाइटफील्ड भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत तर मुलं हमखास विचारतात, ‘‘आई, आपण मुंबईच्या बाजूने की बंगळुरूच्या?’’ बाजू कुठलीही घ्या, पण पुढच्या सामन्याआधी संघाची ताकद जोखता आली, तर बघण्याची मजा नक्कीच वाढेल.

लीग आहे तरी काय?

या लीगचा पहिला हंगाम जून २०२५ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात झाला. बंगळुरू, मुंबई, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद आणि कलिंग असे ६ संघ उतरले. साखळी फेरीत प्रत्येक संघ बाकीच्या पाचही संघांशी दोनदा खेळला, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १० सामने आले. २९ जूनच्या अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सने दिल्ली रेड्झला ४१-० असं हरवलं.

इथे १५ खेळाडूंची नव्हे, तर ७ खेळाडूंची रग्बी खेळली जाते. ती ‘सेव्हन्स’ म्हणून ओळखली जाते आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्येही आहे. मैदान मात्र १५ जणांच्या रग्बीएवढंच, तब्बल १०० मीटर लांब. एवढ्या जागेत ७ जण धावणार म्हटल्यावर दम लागणारच! चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो आणि ५ गुण मिळतात. त्यानंतरची किक खांबांमधून गेली की आणखी २ गुण. हाताने पास देताना चेंडू पुढे टाकायचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा. एवढं समजलं तरी सामना बघायला पुरेसं आहे.

नजर परदेशी ताऱ्यांवर नको

पहिल्या हंगामात प्रत्येक संघात १३ खेळाडू होते : ५ नामवंत परदेशी, रग्बीत अजून पुढे येत असलेल्या देशांतले ३ आणि ५ भारतीय. सगळ्यांचं लक्ष साहजिकच परदेशी ताऱ्यांकडे जातं. पण असे तारे सगळ्याच संघांकडे असतात. त्यामुळे कोणाचं पारडं जड, हे बरेचदा भारतीय खेळाडूंवर ठरतं. त्यांच्यातला एकही टॅकल चुकला, तर प्रतिस्पर्धी ५० मीटर मोकळा पळत सुटतो आणि मागे अडवायला कुणी उरत नाही.

बंगळुरूने हे लिलावातच ओळखलं होतं. भारतीय खेळाडूंमधली सर्वांत मोठी बोली, ४ लाख ७५ हजार रुपये, याच संघाने मोहित खत्रीसाठी लावली होती. म्हणूनच पुढच्या सामन्याआधी संघाची यादी हातात आली, की आधी त्यातली भारतीय नावं वाचा. त्यातले किती जण सुरुवातीपासून खेळणार आणि किती जण शेवटच्या ४ मिनिटांसाठी राखून ठेवलेत, यावरून प्रशिक्षकाचा आपल्या मुलांवर किती भरवसा आहे ते कळतं.

सामना फिरवणाऱ्या ३ गोष्टी

पहिली गोष्ट, ट्रायनंतरची किक. सेव्हन्समध्ये गुण घेणारा संघच पुन्हा किक मारून खेळ सुरू करतो, म्हणजे चेंडू समोरच्याला मिळण्याची संधी असते. तरीही अंतिम सामन्यात दिल्लीला एकही गुण मिळाला नाही. चेंडू मिळणं वेगळं आणि तो राखणं वेगळं! उंच आलेला चेंडू हवेत झेलणारा खेळाडू बंगळुरूकडे आहे का, हे पहिल्या दोन किकमध्येच समजेल.

दुसरी गोष्ट, पिवळं कार्ड. ते मिळालेला खेळाडू २ मिनिटं बाहेर बसतो. १६ मिनिटांच्या सामन्यात २ मिनिटं म्हणजे आठवा हिस्सा, तोही ६ जणांनी खेळायचा. एवढ्यात दोन ट्राय सहज होऊ शकतात. त्यामुळे चिडका संघ कितीही ताकदवान असला, तरी त्याच्यावर पैज लावू नये.

तिसरी गोष्ट, दम. कबड्डीत चढाई संपली की भिडूला श्वास घ्यायला उसंत मिळते. इथे पडलेला खेळाडू लगेच उठून पुन्हा धावतो. एखादा सामना दुबळा संघही जिंकून जाईल, पण १० सामन्यांची साखळी पार करायची तर राखीव खेळाडूही तितकेच तयार हवेत. म्हणूनच बंगळुरूला एखाद्या सामन्यात संधी आहे का, याचं उत्तर नेहमीच ‘हो’ असेल. हंगामभर ती टिकेल का, हे मात्र त्याच्या भारतीय खेळाडूंच्या खोलीवर ठरेल.

पणाला काय लागलंय?

करंडकापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागली आहे. प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामात, २०१४ मध्ये, सर्वांत महागडा खेळाडू १२ लाख ८० हजारांचा होता. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून जास्त बोली लागली. हा फरक पडला तो घराघरांत सामने बघितले गेल्यामुळे. रग्बी लीगच्या २०२५ च्या पहिल्या हंगामात सर्वांत महागडा भारतीय खेळाडू ५ लाखांच्याही आत होता. एवढ्यावर वर्षभराचा सराव, आहार आणि घर चालवणं कठीणच. प्रेक्षक वाढले तरच एखाद्या मुलाला घरच्यांसमोर ‘‘मी रग्बी खेळणार,’’ असं छातीठोकपणे सांगता येईल.

आणि मुलीचं काय? लीगचा पहिला हंगाम फक्त पुरुषांचा होता. पण भारताच्या महिला संघाने २०१९ मध्ये मनिला इथे सिंगापूरला २१-१९ असं हरवून १५ जणांच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, तेव्हा कर्णधार होती पुण्याची वाहबीज भरुचा. तेव्हा ‘हा काय मुलींचा खेळ आहे?’ असं म्हणण्याआधी तिचं नाव आठवा.

मूल खेळायचं म्हणालं तर

सामना बघून मूल हट्ट करणारच. लगेच नाही म्हणू नका, पण या गोष्टी जरूर बघा :

• सुरुवात टॅग किंवा टच रग्बीने व्हावी. यात कुणाला पाडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढायची किंवा फक्त हात लावायचा असतो.

• पाडण्याआधी नीट पडायला शिकवणारा प्रशिक्षक असावा. खांद्याच्या वर टॅकल करणं नियमबाह्य आहे, हे मुलाला पहिल्याच दिवशी कळायला हवं.

• दातांसाठी माउथगार्ड सक्तीचा समजा.

• डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला, तरी खेळ तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘मी ठीक आहे,’ या मुलाच्या शब्दावर त्याला पुन्हा मैदानात पाठवू नका.

पुढच्या सामन्याच्या दिवशी कुकर लावून टीव्हीसमोर बसलात, तर शिट्ट्या मोजेपर्यंत निकाल लागलेला असेल. बंगळुरू जिंको वा मुंबई, मोहित खत्रीसारख्या खेळाडूंची पुढची बोली वाढायला तुमच्या घरातली ती १६ मिनिटंही हातभार लावतील.