नोंदवही आणि स्मृती

ज्या समाजाचे कागद जपले जातात त्याचा इतिहास लिहिला जातो. ज्याला आपले कागद आपल्याच हातांनी जाळावे लागतात, त्याची दखल पोलिसांच्या दप्तरापुरतीच उरते. समलिंगी आणि तृतीयपंथी यांच्या वाट्याला आपल्या देशात बव्हंशी हेच आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तृतीयपंथीयांच्या नोंदवहीची तरतूद केली आणि तत्कालीन वायव्य प्रांतात ती अमलातही आणली. त्या वहीत संशयितांची नावे, ठिकाणे आणि मालमत्ता यांना जागा होती. गुरू-चेल्यांची नाती, त्यांची गाणी, त्यांचे सणवार यांना नव्हती. दुसरीकडे दंडविधानाचे ३७७ वे कलम १८६२ पासून डोक्यावर टांगलेले होते. जे पत्र जिवापाड जपावे तेच उद्या पुरावा म्हणून पुढे येण्याची भीती असेल, तर ते जपणार कोण?

मराठी रंगभूमीकडे पाहिले की ही उणीव अधिक जाणवते. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांची छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रिका महाराष्ट्राने भक्तिभावाने सांभाळल्या. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दंडारीत लुगडे नेसून नाचणारा पुरुष गावाला कधी परका वाटला नाही. परंतु ज्याच्या लेखी लुगडे हा केवळ वेष नव्हता, त्याचे रंग उतरल्यानंतरचे आयुष्य कोणी टिपून ठेवले नाही. सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’ने १९७९ मध्ये स्त्रीभूमिकांच्या सावलीत जगणाऱ्या मनाचा ठाव घेतला. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आणली आणि स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीची घुसमट रोहिणी हट्टंगडी यांनी साकारली. पुढे चेतन दातार यांनी ‘एक माधवबाग’मध्ये अशा मुलाच्या आईला बोलते केले. ही नाटके मोलाची खरीच. पण नाटककाराची सहानुभूती म्हणजे ज्याचे त्याने सांगितलेले आत्मवृत्त नव्हे. ते मराठीत येऊ लागले ते पुष्कळ उशिरा. पुण्यात २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांच्या लेखनाचा त्यात मोठा वाटा आहे.

नागपूरला ‘सारथी ट्रस्ट’सारखी संस्था या समाजात काम करीत आली आहे. २०१६ मध्ये या शहरातून प्राइड मार्च निघाला, तेव्हा २०१३ च्या निकालाने ३७७ वे कलम पुन्हा जिवंत झालेले होते. त्याचा काच सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दूर केला. म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर उतरलेल्यांपाशी कायद्याचा आधार नव्हता, केवळ धैर्य होते. त्या धैर्याचे आज काय शिल्लक आहे? काही वृत्तपत्रीय कात्रणे आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलमधील छायाचित्रे. मोबाइल बदलला की छायाचित्रे जातात, फलक अडगळीत पडतात, आणि एखादी वृद्ध गुरू गेली की तिच्या तोंडी असलेली पिढ्यांची वंशावळ तिच्याबरोबर जाते.

यावर कोणी म्हणेल, खासगी आयुष्ये ग्रंथालयाच्या फडताळात कशाला मांडायची? ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. बर्लिनमध्ये मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये उभारलेली संशोधनसंस्था मे १९३३ मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी लुटली आणि तिचे ग्रंथ भर चौकात जाळले. अशा संग्रहावर उद्या कोणाचा हात पडेल, हे संग्राहकाला ठाऊक नसते. म्हणूनच स्मृती आणि नोंदवही यांतील भेद प्रारंभीच स्पष्ट केला पाहिजे. नोंदवही दुसऱ्याने, न विचारता केलेली असते. स्मृती ज्याची त्याने, राजीखुशीने स्वाधीन केलेली असते. नाव द्यावे की झाकावे, मजकूर आजच खुला करावा की देणाऱ्याच्या पश्चात, दिलेले परत घ्यावे काय, हे सारे अधिकार देणाऱ्यापाशीच राहिले पाहिजेत. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने ‘कमरा’ या संक्षिप्त नावाच्या अभिलेखागाराला आसरा दिला आहे. कायदा शिकविणारी संस्था हे करू शकते, तर भाषा आणि साहित्य यांची सेवा करणाऱ्या संस्थांनी का करू नये?

१९२३ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाने शंभरी ओलांडली आहे. नागपूरला विद्यापीठ आहे, इतिहास आणि मराठी शिकणारे शेकडो विद्यार्थी आहेत. एक कुलूपबंद कपाट, एक ध्वनिमुद्रक आणि ऐकून घेण्याचे शिक्षण मिळालेले चार विद्यार्थी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. सांगणाऱ्याची बोली सुधारू नये. वऱ्हाडी असो वा नागपुरी वळणाची हिंदी, ती तशीच उतरवावी. हे काम उपकार म्हणून करावयाचे नाही. ज्या शहराने या माणसांना टाळीच्या आवाजापलीकडे कधी ऐकले नाही, त्या शहराचा स्वतःचाच इतिहास तेवढ्याने अपुरा राहिला आहे. कायद्याने भीती कमी केली. परंतु ज्यांना त्या भीतीचे दिवस आठवतात, ती माणसे आता थकत चालली आहेत.