मिठीकाठचा प्रकल्प: वही भिजू नये, पायही भिजू नयेत

अकरावी-बारावीच्या मुलांना ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयात प्रकल्प करावा लागतो. बरीच मुले मागच्या वर्षीची वही उतरवून काढतात. मुंबईत मिठी नदीच्या काठी राहणाऱ्या पालकांना आम्ही सांगतो, मुलांना तसे करू देऊ नका. अभ्यासाचा विषय आपल्या दाराशीच वाहतो आहे.

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. भराव आणि बांधकामांनी अरुंद झालेल्या पात्रात पाणी मावले नाही, वर समुद्राला भरती. पाणी घराघरांत शिरले. त्यानंतर पात्र रुंद आणि खोल करण्याचे, भिंती बांधण्याचे काम हाती घेतले गेले. आपल्या काठावर त्याचा किती उपयोग झाला, हेच मुलांनी तपासायचे.

काठावरच्या तीन जागा ठरवा. पावसाआधी, पावसाळ्यात आणि पावसानंतर त्याच जागांवरून पाहा. तारीख, वेळ लिहा. पाण्याचा रंग, वास कसा आहे? कोणता नाला कुठे येऊन मिळतो? काढलेला गाळ उचलला, की काठावरच राहून पहिल्या सरीत परत आत गेला? पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन गटारातून जाते का? २००५ चे पाणी कुठवर आले होते, ते आजीला विचारा आणि ती उंची टेपने मोजा. ऐकलेले आणि स्वतः पाहिलेले वेगवेगळे लिहा.

मात्र पाण्यात उतरायचे नाही. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात आणि जखमेतून, साध्या खरचटण्यातूनही अंगात शिरतात. गमबूट घाला, जखम झाकून घ्या, घरी आल्यावर साबणाने हातपाय धुवा. मोठ्या माणसाला सोबत घ्या. जोराच्या पावसात काठावर जाऊच नका. पुढच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर अंगावर काढू नका. दवाखान्यात गेल्यावर “नाल्याच्या पाण्याशी संबंध आला होता” हे आधी सांगा.

वही शाळेत देण्याआधी तिची एक प्रत वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घ्या. “दरवर्षी पाणी भरते” या तक्रारीपेक्षा तारीख आणि उंची लिहिलेल्या पानाला उत्तर देणे त्यांना भाग पडते. दुसरी प्रत वस्तीतल्या अभ्यासिकेत ठेवा. पुढच्या वर्षीची मुले तिथूनच पुढे मोजतील.