मांडवीचा संधिप्रकाश आणि कॅमेऱ्यातला दाणा

रत्नागिरीच्या मांडवीला सूर्य समुद्रात बुडाल्यावर अर्धाएक तास असा उजेड राहतो की डोळ्यांना सारे दिसते, पण कॅमेऱ्याला चाचपडावे लागते. समजा, तिथे तीन मीटरवर एक आजोबा जाळे विणत बसले आहेत आणि आपल्या हातात जुन्या धाटणीचा डिजिटल कॅमेरा आहे.

असे कॅमेरे नवे नाहीत. २००४च्या एप्सन आर-डी १ला शटर चढवण्यासाठी हाताने ओढायचा खटका होता. पुढे फुजीफिल्म एक्स १०० आणि २०१३चा निकॉन डीएफ आले. चकत्या, कडी, हाताने फोकस करण्याची मजा, सारे परतले. मात्र या पोशाखाआड सेन्सर आजचाच आहे.

प्रकाश कणाकणाने येतो. सेन्सरच्या एका बिंदूवर सरासरी १०,००० कण पडत असतील, तर त्यांतला चढउतार वर्गमुळाइतका, म्हणजे १००; शेकडा एक. १०० कणच पडले तर चढउतार १०, शेकडा दहा. हाच नॉइज. आयएसओची चकती फिरवून प्रकाश वाढत नाही. तुटपुंजा संदेश मोठा होतो आणि त्यासोबत ही थरथरही. फिल्मवरचा दाणा चांदीचा असे, हा दाणा प्रकाशाच्या टंचाईचा.

मग लेन्स पूर्ण उघडावी? पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ५० मिमीची लेन्स एफ १.४ला ठेवली, तर तीन मीटरवर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ३० सेंमीचा असतो. आजोबा जाळ्यावर वाकले की चेहरा त्याबाहेर. एफ ५.६ला हा पट्टा सव्वा मीटरचा होतो, पण प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो. फोकस आणि नॉइज ही एकाच दोरीची दोन टोके आहेत.

फोकस पीकिंग स्पष्ट कडांवर रंग चढवते. पण अंधारात नॉइजचे ठिपकेही त्याला कडा वाटतात. म्हणून प्रतिमा मोठी करून चष्म्याच्या काडीसारखी ठळक रेघ धरावी. कडे थोडे पुढे नेऊन मागे आणावे. प्रकाश आधीच पुरेसा घ्यावा. काळोखा भाग नंतर उजळला की दाणे अधिकच उठतात.

सॉफ्टवेअर दाणे पुसते, पण जास्त पुसले तर सुरकुत्या आणि जाळ्याचे धागेही जातात. चुकलेला फोकस मात्र खात्रीने परत आणता येत नाही. तेव्हा निवड करायचीच झाली तर लेन्स एक-दोन पायऱ्या मिटवावी, आयएसओ वाढवावा, दाणे येऊ द्यावेत. उद्या हा फोटो त्या घराच्या भिंतीवर लागेल, तेव्हा दाणे कोणी मोजणार नाही. आजोबांचे डोळे स्पष्ट आहेत का, एवढेच पाहिले जाईल.